आपली वाद्यं म्हणजे नेमकी कुणाची?



हल्ली यात्रेच्या, जयंतीच्या, गणपतीच्या पत्रकांवर एक ओळ हमखास दिसते : 'मिरवणूक पारंपरिक वाद्यांच्या गजरात निघेल.' ही ओळ वाचली की मला बरं वाटतं. डीजेला लोक कंटाळले आहेत. छातीत धडधडतं, काचा थरथरतात, गोठ्यातली जनावरं दावं तोडू पाहतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज जाऊ नये असे नियम २००० सालापासून आहेत. पण डीजेची गाडी गल्लीत शिरली की नियम कोण वाचतो?

तेव्हा डीजे नको, या बाजूला मीही आहे. माझी अडचण पुढे सुरू होते. डीजे नको म्हणणारा प्रत्येक जण लगेच म्हणतो, 'आपली वाद्यं आणा.' आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या माणसाला हे 'आपली' काही सुखाने जेवू देत नाही. मराठीत 'आमची' आणि 'आपली' असे दोन शब्द आहेत. 'आमची' म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो, 'आपली' म्हटलं की तो घरात येतो. म्हणून आज या एका शब्दाचा हिशेब मांडून बघू. वाटेत जरा जपानला जाऊन यायचं आहे, तेवढी तयारी ठेवा.

सुरुवात आपल्या बेंजोपासून करू. मिरवणुकीतली बेंजो पार्टी सगळ्यांनी पाहिली आहे. गाडीवर कर्णे, एक जण बेंजोवर, दुसरा कॅसिओवर, तिसरा पॅडवर, आणि पुढे ढोल-ताशे. मुंबई-कोकणात तर याशिवाय गणपती हलत नाही. २०१६ साली रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, तो याच पोरांवर. डीजेपेक्षा हे बरं, हे तरी आपलं आहे, असं आपण म्हणतो.

आता हा बेंजो बघा. अमेरिकन बँजो वेगळा. तो गोल, कातडं ताणलेला, गिटारसारखा धरून वाजवायचा. आपला बेंजो म्हणजे लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. बटणं टाइपरायटरसारखी का, तर ती टाइपरायटरवरूनच सुचलेली आहेत! १९१२ साली जपानात नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थांनी हे वाद्य बनवलं. जपानात पूर्वापार कोतो नावाचं तंतुवाद्य आहे, त्याचा दोन तारांचा एक छोटा प्रकार होता, त्याला मोरितांनी पाश्चात्त्य यंत्राची बटणं बसवली. त्याच वर्षी जपानात तैशो नावाचं राजपर्व सुरू झालं होतं, म्हणून नाव पडलं 'तैशोगोतो'. ज्याला स्वर लावता येत नाही अशा साध्या माणसालाही घरच्या घरी गाणं वाजवता यावं, हा त्याचा मोठा गुण. परदेशी ते 'नागोया हार्प' म्हणून विकलं गेलं. आपल्याकडे आलं आणि 'बुलबुल तरंग' झालं. कव्वालांनी उचललं. बलुचिस्तानात त्याचं 'बेंजू' होऊन ते तिथलं लोकवाद्य बनलं, आणि आपल्याकडे ते वरातीत शिरून 'बेंजो' झालं.

शेजारचा कॅसिओ घ्या. कॅसिओ ही जपानी कंपनी, तिचा पहिला कीबोर्ड १९८० सालचा. आपण कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला कॅसिओच म्हणतो, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. पॅड म्हणजे ऑक्टोपॅड, ते १९८५ साली रोलँड या जपानी कंपनीने आणलं. स्वर पियानोचे, पट्ट्या पियानोच्या, बनावट जपानची, आणि गाणं आगरी-कोळी किंवा खंडोबाचं. जपानी परंपरा, पाश्चात्त्य वाद्य आणि मराठी ठेका हा संगम आपल्या गल्लीतून दरवर्षी जातो आणि आपण त्याला 'पारंपरिक' म्हणून हळद-कुंकू लावतो!

हे मी हिणवायला लिहीत नाही. मला याचा आनंदच आहे. ज्या पेटीशिवाय आपलं भजन उभं राहत नाही, ती पॅरिसची. आलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली तिचं पेटंट घेतलं. पायाने भाता मारायच्या त्या वाद्याला हाताचा भाता देऊन मांडी घालून वाजवण्याजोगी पेटी केली कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी. लग्नातल्या बँडची क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट लष्कराच्या वाटेने आली. व्हायोलिन तर आपण पुरतं मांडीवर घेतलं.

आणि शुद्धतेचा फारच आग्रह असेल तर आमच्या खर्ड्याला या. मार्च १७९५ मध्ये इथे मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. सगळे मराठे सरदार एकत्र येऊन जिंकलेली ही शेवटची मोठी लढाई, तिचा आम्हाला रास्त अभिमान आहे. पण त्या दिवशी निजामाच्या बाजूला रेमाँ या फ्रेंचाने तयार केलेल्या पलटणी होत्या आणि शिंद्यांच्या कवायती फौजेवर पेराँ हा फ्रेंचच होता. आपली सगळ्यात 'आपली' लढाईसुद्धा मिश्र होती. म्हणून वाद्य कुठून आलं हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. प्रश्न असा की, आल्यावर ते कसं नांदलं?

परवा माझ्या भाचीने मला संगणकावर एक जपानी मैफल लावून दिली. (तिचा मुलगा तिकडे नोकरीला आहे, त्यामुळे आमच्याकडे हल्ली जपानची वार्ता फार.) छोटं दालन, मोजकी माणसं. कोतो, शाकुहाची आणि सोबत व्हायोलिन व चेलो. पाश्चात्त्यांकडे याला चेंबर म्युझिक म्हणतात. चेंबर म्हणजे खोली. शंभर वादकांचा ताफा नाही, प्रत्येक वाद्याचा एकच माणूस, आणि ऐकणारे हाताच्या अंतरावर. आपल्याकडच्या 'बैठकी'च्या फार जवळची कल्पना आहे ही.

कोतो म्हणजे माणसाएवढी लांब लाकडी पेटी, तिच्यावर तेरा तारा. उजव्या हाताच्या तीन बोटांना नख्या लावून वाजवतात. शाकुहाची म्हणजे बांबूची जाड बासरी, उभी धरून तोंडाशी फुंकायची, भोकं फक्त पाच. हिच्यात स्वराबरोबर फुंकही ऐकू येते, आणि ती ऐकू यावी असंच वादकाला वाटत असतं.

ऐकताना मला अनोळखी वाटेना. मग लक्षात आलं की आपले आणि त्यांचे सूर अधूनमधून एकाच विहिरीवर भेटतात. जपानी शाळांतली जुनी गाणी ज्या स्वरसप्तकात आहेत त्याला ते 'योनानुकी' म्हणतात, म्हणजे 'चौथा आणि सातवा काढलेलं'. चौथा म्हणजे मध्यम, सातवा निषाद. हे दोन काढले की काय उरतं? आपला भूप! कोतोची हिराजोशी नावाची एक जुनी जुळणी आहे, तिचे स्वर मांडले तर सा, कोमल रे, म, प, कोमल ध. गाणाऱ्यांनी ओळखलं असेल, हे गुणक्रीचे स्वर झाले. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत हे मान्य, त्यामुळे जपानी माणूस गुणक्री गातो असं मी म्हणत नाही. पण ओसरी तीच आहे. त्यांच्या शामिसेन या तीन तारी वाद्यात जाड तारेला मुद्दाम एक झणझणाट ठेवतात, त्याला म्हणतात 'सावारी'. आणि आपल्या तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जो झणझणाट आणतात ती 'जवारी'. शब्दांचं नातं लावायच्या फंदात मी पडत नाही. पण मिरजेच्या ज्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांच्या कारागिरांना जपानी कारागीर काय शोधतोय हे दुभाष्याशिवाय कळेल.

या संगमाचा जपानातला मोठा माणूस म्हणजे मिचिओ मियागी. जन्म १८९४ चा, लहानपणीच दृष्टी गेलेली. खर्जासाठी त्यांनी १९२१ साली सतरा तारांचा कोतो तयार करवून घेतला, कारण चेलोसारख्या वाद्यांशेजारी बसायचं तर खालचे सूर हवेत. १९२९ साली त्यांनी 'हारु नो उमी' म्हणजे 'वसंतातला समुद्र' ही रचना कोतो आणि शाकुहाचीसाठी बांधली. पुढे रने शेमे ही फ्रेंच व्हायोलिनवादक जपानला आली, तिने १९३२ मध्ये शाकुहाचीच्या जागी व्हायोलिन घेऊन ती मियागींबरोबर वाजवली आणि ती जगभर गेली. आज जपानात नववर्षाला दुकानादुकानांतून तीच ऐकू येते. म्हणजे त्यांचीही 'पारंपरिक' धून अशी, माझ्या आईच्या वयाची!

मात्र मला सगळ्यात विचार करायला लावलं ते तोरु ताकेमित्सु यांच्या 'नोव्हेंबर स्टेप्स'ने. न्यू यॉर्कच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने आपल्या सव्वाशेव्या वर्षासाठी त्यांना रचना मागितली. ९ नोव्हेंबर १९६७ ला ती सादर झाली. संचालक सेइजी ओझावा. पुढे दोनच जपानी वादक, शाकुहाचीवर कात्सुया योकोयामा आणि बिवा या तंतुवाद्यावर किन्शी त्सुरुता ही बाई. मागे पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा मोठा ताफा. आता सांगा, एका बांबूच्या फुंकीचं त्या ताफ्यापुढे काय चालणार? ताकेमित्सुंनी युक्ती केली. दोन्ही संगीतं घोटून एकजीव करायचा विचारच त्यांनी सोडून दिला. वाद्यवृंद वाजतो तेव्हा वाजतो. मग एक वेळ अशी येते की सगळा ताफा हात मांडीवर ठेवून बसतो आणि बराच वेळ फक्त बिवा आणि शाकुहाची बोलत राहतात. मोठ्याने लहानासाठी गप्प बसायचं, आणि हे गप्प बसणं रचनेतच लिहून ठेवलेलं.

माझ्या मते चांगल्या संगमाची पहिली कसोटी ही आहे. कोण कुणासाठी गप्प बसतो?

ही कसोटी आपल्या घरच्या गोष्टींना लावून बघा. आमच्या गावातलं एकादशीचं भजन घ्या. वीणा, टाळ, पखवाज आणि पेटी. बुवा अभंगाचा अर्थ सांगू लागले की पखवाजी पखवाजावर हात ठेवून थांबतो, टाळकरी टाळ छातीशी धरतात, पेटी नुसता षड्ज धरून असते. परत चाल सुरू झाली की सगळे एका श्वासात उठतात. यांना कुणी नोटेशन दिलेलं नाही. फ्रेंच पेटी आणि देशी पखवाज यांचं हे खोलीतलं संगीत नाही तर काय आहे? हे चेंबर म्युझिक महाराष्ट्रात गावोगाव, पंधरा दिवसांनी एकदा, फुकट होतं आणि शेवटी प्रसादही मिळतो. पण अलीकडे काही ठिकाणी भजनात कॅसिओ आणि पॅड आले आहेत आणि सोबत मोठे कर्णे. कॅसिओ आला याचं मला काही वाटत नाही. पेटीही एके काळी अशीच आली. पण कॅसिओवाला थांबत नाही. त्याच्या यंत्रात ठेका आपोआप चालू असतो, बुवा बोलत असले तरी तो चालूच राहतो. तिथे माझं भजन तुटतं.

आणि डीजे? त्यात तर थांबायला माणूसच नाही. कुणी कुणाकडे बघून हात आवरत नाही. डीजेचा आवाज मोठा आहे ही त्याची दुसरी खोड. पहिली खोड ही, की तिथे कुणी वाजवत नाही.

यावर कुणी म्हणेल, सरळ बंदी घाला. आवाजावर घाला, जरूर घाला. वाद्यावर घालू नका. तो प्रयोग आपल्या देशात होऊन गेला आहे. ऑल इंडिया रेडिओने मार्च १९४० पासून पेटीला बंदी केली. पेटीत मींड निघत नाही, तिचे स्वर पाश्चात्त्य मापाने कापलेले, श्रुती बसत नाहीत, असा आक्षेप. आक्षेप खोटा नव्हता, सारंगीच्या आसनावर पेटी बसली आणि सारंगीचं नुकसान झालं हेही खरं. पेटीविरुद्ध खरमरीत लेख लिहिला होता दिल्ली रेडिओवरच्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने, आणि गंमत अशी की तो स्वतः भारतीय वादकांचा वृंद बांधून पूर्व-पश्चिम मिलाफाचं स्वप्न बघत होता! बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. तीस वर्षं रेडिओवर पेटी नव्हती, पण भजनात, नाटकात, बारीत ती होतीच. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, आप्पा जळगावकर यांचं नाव लोकांनी रेडिओला विचारून घेतलं नाही. 'पूर्वरंग'मध्ये जपान दाखवणारे आपले पु. ल. स्वतः पेटीवाले. आज पुण्यात जपानी धाटणीच्या ओकायामा बागेला त्यांचंच नाव आहे. बंदीने वाद्य मरत नाही, नुसतं दारामागे जातं.

इथपर्यंत बहुतेकांना पटलं असेल. आता पुढचं जरा अवघड आहे, पण तेच सांगायला बसलो आहे.

मी म्हटलं की वाद्य कुठून आलं हे महत्त्वाचं नाही. पण वाद्य कुणाच्या हातात राहिलं हे महत्त्वाचं आहे. जपानातही वाद्यं वाटून दिलेली होती. शाकुहाची फुके पंथाच्या भिक्षूंची. कोतो-शामिसेन शिकवण्याचा अधिकार अंध वादकांच्या एका मोठ्या संघाकडे. १८७१ साली तिथल्या सरकारने तो पंथही बरखास्त केला आणि तो संघही. त्या वेळी वादकांचे हाल झाले असतील, पण कुलूप निघालं. कुणीही कोतो शिकावं, कुणीही शाकुहाची फुंकावी. त्यानंतर साठ वर्षांत मियागींच्या शेजारी एक फ्रेंच बाई व्हायोलिन घेऊन बसली. संगम होण्याआधी कुलूप निघालं होतं, हे विसरू नये.

आपल्याकडे हलगी मातंगांची, सनई-सूर होलारांचा, संबळ गोंधळ्यांचा. कुठल्याही कायद्याने हे ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे कुठल्याही कायद्याने ते मोडलंही नाही. देवाची काठी हलगीशिवाय निघत नाही आणि हलगीवाला मात्र देवळाच्या पायरीखाली, हे माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एकच वाद्य, पण वर्तमानपत्रात त्याला 'हलगी' म्हणतात आणि लग्नघरात 'डफडं'. गवयाला बिदागी, वाजंत्र्याला सुपारी. गवयाला शाल, वाजंत्र्यापुढे नोट जमिनीवर टाकायची आणि त्याने ती वाजवता वाजवता वाकून दातांनी उचलायची. लोक त्यावर टाळ्या वाजवतात!

नोकरीत असताना एका गावी माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणितात कच्चा, पण मधल्या सुट्टीत बाकावर बोटांनी असा ठेका धरायचा की खेळायला गेलेली पोरं परत यायची. वडील हलगी वाजवत. स्नेहसंमेलन जवळ आलं तेव्हा मी त्याला म्हटलं, वडिलांची हलगी आण, तुझा कार्यक्रम ठेवू. तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, 'नको गुरुजी. एकदा वाजवली की उद्यापासून वर्गात मला नावानं कुणी हाक मारणार नाही.' चौदा वर्षांचं पोर! मी त्याला आग्रह केला नाही. त्याच्या नावाची किंमत त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

पुढे पुष्कळ वर्षांनी जामखेडच्या स्टँडवर तो भेटला. पाया पडला. काय करतोस म्हटल्यावर म्हणाला, पुण्याकडच्या बेंजो पार्टीत पॅड वाजवतो. मी म्हटलं, हात तर हलगीचा आहे रे तुझा. हसला. 'हात तोच आहे, गुरुजी. पण पॅड वाजवणाराला कुणी आडनाव विचारत नाही.'

मंडळी, हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं बाळगून आहे. पेटी, व्हायोलिन, बेंजो, कॅसिओ, पॅड ही परकी वाद्यं आपल्याकडे इतकी भराभर का रुजली याची संगीतातली कारणं पुस्तकांत सापडतात. स्वस्त होती, सोपी होती, जुळवावी लागत नव्हती. माझ्या मते आणखी एक कारण आहे. ती बोटीतून उतरली तेव्हा त्यांना जात नव्हती. पेटीपुढे कुणीही बसू शकत होता. नागोयाच्या त्या लाकडी पेटीला आपल्या गावात कुठली आळी ठरवून दिलेली नव्हती. आपल्या मातीतल्या वाद्याने ज्याला नाव घालवायची भीती घातली, त्याला परक्या वाद्याने नाव दिलं. मग 'आपलं' वाद्य कुठलं म्हणायचं?

म्हणून 'आपली वाद्यं परत आणा' म्हणणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की आधी 'आपली'त कोण कोण येतं ते ठरवा. ज्यांनी हलगी खुंटीला टांगली त्यांनी पुष्कळदा स्वाभिमानाने टांगली. बाबासाहेबांच्या शिकवणीतून बळ घेऊन टांगली. त्यांना 'परंपरा बुडते हो, वाजवा की' असं म्हणायचा अधिकार मला नाही आणि तुम्हालाही नाही. परंपरा एवढी प्यारी असेल तर आपल्या नातवाच्या गळ्यात हलगी अडकवा. पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत आज इंजिनियरिंगच्या मुली कंबरेला ढोल बांधतात, म्हणजे ढोलाचं कुलूप काही अंशी निघालं आहे. हलगीचं आणि सनईचं निघायचं आहे. आणि ते काढताना ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हे ज्ञान जपलं गेलं, त्यांनाच गुरू म्हणून पाटावर बसवावं लागेल, त्यांना वगळून चालणार नाही.

हे शक्य आहे का? मोठ्या रंगमंचावर झालेलं आहे. १९७८ साली पंडित रविशंकरांनी 'ईस्ट ग्रीट्स ईस्ट' ही ध्वनिमुद्रिका केली, त्यात शाकुहाचीवर होझान यामामोतो, कोतोवर सुसुमु मियाशिता आणि तबल्यावर अल्लारखाँ. पंडित शिवकुमार शर्मांचे शिष्य ताकाहिरो अराई हे जपानी गृहस्थ मुंबईत राहून संतूर वाजवतात, गुरूच्या पायाशी बसून शिकलेले. जपान आणि जम्मू यांच्यामधलं अंतर जर एका गुरूच्या घरात मिटतं, तर आपल्या गावात वेशीच्या आतलं आणि बाहेरचं अंतर मिटायला काय हरकत आहे? ते तर पाच मिनिटांचं आहे.

आता हे सगळं लिहायचं निमित्त. येत्या वैशाखात आपल्या घरात लग्न आहे. (पत्रिका अजून छापायला जायच्या आहेत, तेव्हा कुणी रुसू नये.) तरुण मंडळींना डीजे हवा आहे, वडीलधाऱ्यांना 'आपली वाद्यं'. दोघांनी मला पंच केलं आहे. माझा निवाडा असा :

डीजे नाही. बेंजो पार्टी जरूर आणा, नाचायचं त्यांनी पोटभर नाचा. त्यांच्याबरोबर सनई, संबळ आणि हलगीवाले बोलवा, पण आज जे राजीखुशीने हे काम करतात अशांनाच, आधी भेटून, रक्कम ठरवून. वरात देवळापाशी आली की बेंजो, कॅसिओ आणि पॅड पूर्ण थांबतील आणि सनईला निदान दहा मिनिटं एकटीला बोलू देतील. कर्णा न लावता. मागची मंडळी पुढे सरकून ऐकतील, काही बिघडत नाही.

नोटा उधळायच्या नाहीत, कुणीही. ठरलेली रक्कम पाकिटात, दोन्ही हातांनी. आणि सगळे वादक पहिल्या पंगतीला, आपल्याबरोबर, नवरदेवाच्या मामांच्या शेजारी. शेवटच्या पंगतीला गार भात वाढून 'जेवलात का' विचारायचं, हे आपल्या घरात चालणार नाही. मामांना अडचण असेल तर त्यांनी शेवटच्या पंगतीला बसावं.

शेवटचं कलम. आपल्या पत्रिकांवर नावांची काय ती गर्दी असते. प्रेषक, निमंत्रक, कार्यवाहक, व्यवस्थापक, आशीर्वाद, आणि ज्यांना लग्नाची गंधवार्ता नसते अशा पुढाऱ्यांचीही नावं. त्या गर्दीत 'वाद्यवृंद' असा एक मथळा घालून सनईवाल्यापासून पॅडवाल्यापर्यंत सगळ्यांची पूर्ण नावं छापावीत. पण आधी प्रत्येकाला विचारून. कुणी 'नको' म्हणालं तर का नको, हे मला ठाऊक आहे. आणि 'छापा' म्हणाला तर त्याचं शुद्धलेखन मी स्वतः तपासीन.

यावर घरात अजून एकमत झालेलं नाही. दोन जणांनी 'आप्पांचं वय झालं' असं म्हटल्याचं माझ्या कानावर आलं आहे. वय झालंच आहे, त्यात बातमी काही नाही. पण ज्यांचं वय झालेलं नाही त्यांनी मला एवढंच सांगावं, की वरील पाच गोष्टींतली कुठली गोष्ट महाग आहे, आणि कुठली अवघड?

उत्तरं जरूर कळवा. नातेवाइकांनी फोनवर कळवलं तरी चालेल, फक्त दुपारी दोन ते चार नको.

असो. बरंच लांबलं.